अर्ध्या सेंटीमीटरची मारामारी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची फूटपट्टी आहे. लांबी तीस सेंटीमीटर. माझ्या एका कडेला इंच आहेत, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. म्हणजे मी दोन भाषांत बोलते आणि दोन्हींत खरंच बोलते. या गुणामुळे माझं आयुष्यात कुणाशी फारसं जमलं नाही.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. कोंबडीला अंडं असतं, फुलपाखराला कोष असतो. आमच्या वाट्याला लोखंडी प्रेस येतो. त्याच्या जबड्याखाली पत्रा सरकवतात, वरून धाडकन घाव बसतो आणि आपण जन्माला येतो. मग अंगावर आकडे कोरतात. रडायला वेळ नसतो, कारण मागची पट्टी रांगेत उभी असते.

मला विकत घेतलं महाडच्या यज्ञेश्वर मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवत. मुलांना सरळ रेघ यावी म्हणून ते मला आडवी धरत, आणि रेघ आली नाही की उभी धरत. उभी धरलेली पट्टी बोटांच्या पेरांवर कशी बसते, हे ज्यांना ठाऊक आहे ते आता पन्नाशीत आहेत आणि अजूनही सांगताना हसतात. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. वीस वर्षांत मी जेवढ्या रेघा मारल्या त्याहून जास्त मुलं मारली. पुढे मुलांना मारायला बंदी आली आणि मी एका दिवसात बेकार झाले. मास्तर निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले. त्यांच्या मुलीनं, शुभदानं, त्यांच्या पेटीतून दोन वस्तू घेतल्या: चष्मा आणि मी.

शुभदा चित्रकार. बाजारात पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत तिचं काम चाले. ती मासिकांची मुखपृष्ठं करी आणि गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं करी. तिच्याकडे माझं काम निराळं होतं. कागद कापताना ती मला घट्ट दाबून धरी आणि माझ्या बरगडीला लावून कटरचं पातं सरकन ओढी. दिवसाला पन्नास वेळा पातं अंगाला घासून जाई. पण धरणारा हात मऊ होता, आणि त्या हातासाठी मी पात्याचं काही मनाला लावून घेतलं नाही.

एकवीस सालच्या पुरात सावित्री नदी जिना चढून वरच्या मजल्यावर आली. दोन दिवस मी गाळात होते. माझ्या अंगावर गॅसचं सिलिंडर, त्याच्यावर शेजाऱ्यांचं कपाट. पाणी उतरल्यावर शुभदानं मला उपसून काढलं, साडीच्या पदरानं पुसलं आणि शिलाई मशीनचं तेल लावलं. सातच्या आकड्यावर गंज राहिला तो राहिलाच. तेल लावताना ती म्हणाली, "बाबांनी तुला कधी तेल लावलं नसेल." खरं होतं. बाबांनी मला कधी गरजच पडू दिली नाही. मी सतत वापरात होते.

आता मुख्य मारामारीकडे वळते.

मित्रांनो, शक्ती-तुरा तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगते. दोन पक्ष रात्रभर समोरासमोर गातात. शक्तीवाले म्हणतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा. ढोलकी, झांज, पायांत चाळ, आणि गाण्यातून एकमेकांचा उद्धार. सकाळी दोन्ही शाहीर एकत्र चहा पितात. भांडण एवढंच. पण त्याचं पोस्टर पाहिलं तर शेजारच्या गावाने दारं लावून घ्यावीत. 'जंगी सामना', 'घणाघाती प्रहार', 'कोण उरणार मैदानात?' मागे विजा, एका बाजूला वाघ, एका बाजूला नाग. कार्यक्रम गाण्याचा आहे हे अगदी खाली, बारीक अक्षरात.

गौरी-गणपती उरकल्यावर पोलादपूरला असा सामना ठरला होता. तुऱ्याकडून कुडपणचे भिकाजीबुवा, वय साठ, मिशा भरघोस. शक्तीकडून महाडजवळच्या एका गावची सारिका, वय अठ्ठावीस, आवाज असा की गिरणी बंद पडावी. मोबाइलवर फोटो चिकटवून पोस्टर करणारे आता गल्लोगल्ली आहेत. पण फोटोत बुवांचं वय दिसतं, म्हणून बुवांना हाताने काढलेलं तोंड हवं असे. ते काम शुभदाकडे आलं.

त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर आणखी एक चित्र होतं. मुंबईच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. भात झोडणारी बाई. हात, पदर, उडणारे दाणे, सगळं झालं होतं. तोंड तेवढं राहिलं होतं. "तोंड शांतपणे काढायचं," ती म्हणाली, "हे पोस्टर एकदा गेलं की."

या मुलखात एक रिवाज आहे. पोस्टर छापायला जाण्याआधी दोन्ही पक्षांची माणसं येतात आणि आपापल्या शाहिराचं तोंड मोजतात. दोन्ही तोंडं बरोबरीची हवीत. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर सामना मैदानात होत नाही, आधीच होतो.

बुवांकडून आला रामजी. हा त्यांचा ढोलकीवाला, धंद्याने सुतार. सारिकाकडून आला तिचा भाऊ राहुल, मुंबईहून सुट्टीला आलेला.

"कुठनं कुठवर मापायचा?" रामजीनं विचारलं.

"हनुवटीपासून केसांपर्यंत," राहुल म्हणाला.

बुवांच्या डोक्यावर केस नाहीत हे दोन तालुक्यांना ठाऊक होतं, पण म्हणायचं कुणी?

"हनुवटी ते भुवई," शुभदा पटकन म्हणाली. "वर फेटा आहे, तो सोडून."

मला दोन्ही तोंडांवर ठेवलं. पाच सेंटीमीटर. पाच सेंटीमीटर. रामजीनं नखानं माझा आकडा चाचपला, राहुलनं फोनमध्ये माझा फोटो घेतला. दोघांनी चहा घेतला आणि गेले.

शुभदा चित्राकडे बघत बसली. तोंडं बरोबरीची होती, पण बुवांच्या भुवयांवर फेटा होता, फेट्यावर तुरा होता, आणि त्याच्या शेजारी सारिका देवळाजवळ उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलीसारखी दिसत होती. शुभदाला ते बघवेना. तिने रबर घेतलं. तासाभराने सारिकाची भुवई अर्धा सेंटीमीटर वर सरकलेली होती, हनुवटी थोडी भरलेली होती, आणि मुलगी शाहीर दिसू लागली होती. मग तिने मला न वापरताच खणात ठेवून दिलं.

मी सगळं पाहिलं होतं. पण पट्टीला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

चित्राची नक्कल छापखान्यात गेली आणि दहापट मोठी होऊन फ्लेक्सवर आली. पोलादपूरला, कशेडीच्या रस्त्याला लागण्याआधी, जिथे ट्रक थांबून वडे खातात, तिथे बांबूंवर तो फ्लेक्स चढला. आणि रामजी सुतार असल्यामुळे त्याच्या खिशात मीटरची टेप होती.

पुढचं मी राहुलचा फोन आला तेव्हा ऐकलं. शुभदानं फोन स्पीकरवर टाकला होता, कारण तिच्या हातात ब्रश होता. भात झोडणाऱ्या बाईच्या कपाळाची पहिली रेघ ती ओढत होती.

"ताई, अर्जंट निघा. ओरिजिनल घेऊन या. पट्टी पण घेऊन या."

मागून आवाज येत होते. काहीतरी फुटल्याचा. कुणीतरी 'मेलो' म्हणाल्याचा.

"काय झालं?"

"काय नाय, चर्चा चालू हाय."

आम्ही स्कूटरवरून पोहोचलो तेव्हा चर्चा बरीच पुढे गेली होती. एकाची कवटी वडेवाल्याच्या झाऱ्याने चर्चिली गेली होती. शिडी आडवी पडली होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. ते शिव्या देत होते, म्हणजे मालक शुद्धीवर होता. एक ढोलकी एकाच्या डोक्यातून गळ्यापर्यंत उतरली होती. ओल्या छत्र्यांच्या दांड्या वर-खाली होत होत्या. मागे ट्रकांची रांग लागली होती, आणि ड्रायव्हर मंडळी खाली उतरून, कुणाची बाजू न घेता, बघत उभी होती. रस्ता अडल्याबद्दल आयुष्यात प्रथमच कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

"बुवा पाच सेंटीमीटरनं लान हायत!" रामजी ओरडत होता. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. "भुवईपातुर मापला मी! सवता मापला!"

"ओ काका, फेटा पण धरा की!" राहुलचा शर्ट अर्धाच उरला होता. "फेट्यासकट तुमचा बुवा चाळीस सेंटीमीटर वर चाललाय! माझी भैण त्याच्या काखेत उभी दिसते!"

"फेटा म्हंजे तोंड नाय रे!"

"मग उतरवा ना! पब्लिकला दाखवा खाली काय हाय ते!"

यावर आणखी तीन छत्र्या मोडल्या.

शेवटी भिकाजीबुवाच रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर उभे राहिले आणि मैदानातल्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हावा! छापनाऱ्यानं ताणला असंल. बायनं अस्सल आनलाय. पट्टी ठेवा. पट्टी खोटा बोलनार नाय."

मित्रांनो, आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नव्हता, आणि तो नको त्या वेळी आला.

वड्यांच्या टेबलावरच्या ताटल्या बाजूला झाल्या. शुभदानं चित्र उलगडलं. मला बुवांच्या तोंडावर ठेवलं. पाच. सारिकाच्या तोंडावर ठेवलं. साडेपाच.

एवढी माणसं, पण तेलात चरचरणाऱ्या वड्याचा आवाज ऐकू आला.

"मीच वाढवलं," शुभदा म्हणाली. "फेट्यामुळे ती दबून जात होती. मला वाटलं, तेवढाच न्याय."

सारिका आतापर्यंत एका बाजूला उभी होती. ती पुढे आली.

"म्हंजे तू माझा तोंड कीव करून मोठा केलंस? मी मागितला व्हता गो? मी बुवाला मैदानात गान्यानं झोपवनार व्हते. तू मला कागदावरच हरवलंस. आता जिकले तरी लोक म्हननार, हिला वाढवून दिला व्हता!"

ज्याच्यावर अन्याय झाला तो चिडला होता, आणि जिच्यावर उपकार केला तीही चिडली होती. न्याय करताना हे होऊ शकतं, हे शुभदाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि आकडे माझ्या अंगावर असले तरी त्यात माझी काही मदत होण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात रामजीनं मला उचललं.

मी खरं सांगते, त्याला शुभदाला मारायचं नव्हतं. त्याला चित्रातल्या सारिकाचं तोंड फाडायचं होतं. तो सुतार, हत्यार कडेवर धरायची सवय. त्याने मला उभी धरली आणि खाली आणली. आणि शुभदाचा उजवा हात मध्ये आला. तो तिने घातला नाही, तो गेला. चित्रावर काही पडताना दिसलं की चित्रकाराचा हात त्याच्याआधी जातो.

वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज झाला. मी बोटं ओळखते, मित्रांनो. वीस वर्षांचा अनुभव आहे. मधलं बोट मोडलं होतं. त्याच्या शेजारच्या बोटावर, अंगठ्याजवळच्या, ज्याने ब्रश तोलला जातो त्याच्यावर, मी हाडापर्यंत गेले होते.

शुभदा हाताकडे बघून हळू म्हणाली, "तोंड राहिलंय अजून." कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं पोस्टरचं बोलते आहे.

मग सारिकाने पितळी झांज रामजीच्या कानफटात मारली. ती अशी वाजली की पुढचे दोन दिवस त्याला तिचाच सूर ऐकू येत होता म्हणतात. राहुल त्याच्या पाठीवर बसला. तुरेवाले राहुलच्या पाठीवर बसले. पहिल्या भांडणाचं कारण सगळे विसरले, आणि आता नवं, चांगलं कारण मिळालं होतं.

भिकाजीबुवा मात्र खाली उतरले. त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला. नऊ वारांहून लांब कापड, केशरी. ते त्यांनी शुभदाच्या हाताभोवती गुंडाळायला सुरुवात केली. भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर, बुवांचं टक्कल उघडं पडलं होतं. कुणीही हसलं नाही. फेट्याचा वाद तिथे मिटला.

पोलीस आले. हवालदारांनी मला रुमालात धरून पंचनाम्यात लिहिलं: 'लोखंडी धारदार वस्तू, एक.' लांबी लिहायला त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पट्टी काढली, मला मोजलं आणि एकोणतीस सेंटीमीटर लिहिलं. माझ्या अंगावर तीसपर्यंत आकडे होते. पण प्लॅस्टिकची पट्टी सरकारी होती.

"कुणी मारलं?" त्यांनी दवाखान्यात शुभदाला विचारलं.

"पट्टी लागली," ती म्हणाली.

"कशी लागली?"

"उभी."

एवढ्यावर सगळं थांबलं. मला परत केलं. कागदोपत्री पाहिलं तर त्या मारामारीतली एकमेव गुन्हेगार मीच आहे.

फाटक्या फ्लेक्सला चिकटपट्ट्या लावून सामना झाला. म्हणे फारच रंगला. शुभदाच्या बोटांत तारा घातल्या होत्या. मासिकाच्या संपादकांचा निरोप आला, 'काळजी घ्या', पुढे एक फुलाचं चित्र. मुखपृष्ठ दुसऱ्याकडे गेलं. भात झोडणारी बाई भिंतीला टेकून उभी राहिली, कपाळाच्या एका रेघेसह, तोंडाशिवाय.

तारा निघाल्यावर डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली. हलत होती. पण पेन्सिल धरली की अंगठ्याजवळचं बोट आपल्या मनाने बाजूला जाई. हात पुन्हा तोंड काढील की नाही, हे तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची तिची हिंमत होत नव्हती. रोज ती टेबलाशी बसे, पेन्सिलींना टोकं काढी आणि उठे. खोलीत एवढ्या टोकदार पेन्सिली कधी नव्हत्या.

एका सकाळी रामजी आला. कुडपणहून दोन गाड्या बदलून. हातात मधाची बाटली. ती कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे तो ती धरूनच दारात उभा राहिला.

"बाय, नाव का नाय घेतलंस माझा?"

"घेतलं असतं तर ढोलकीवाला आत गेला असता आणि कार्यक्रमच झाला नसता. माझं पोस्टर रद्द झालेलं मला आवडत नाही."

"मी सुतार हाय," तो म्हणाला. "हात गेला म्हंजे काय जाता ते मला ठाव हाय. मला झोप नाय. तू काय पन सांग. मार मला. पोलिसात दे."

शुभदानं टेबलावर एक कोरा कागद ओढला. मग तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. तोंड उजेडाकडे करा."

"कशापायी?"

"तुमचं चित्र काढते. कसंही आलं तरी तक्रार करणार नाही, असं एवढं एकच गिऱ्हाईक मला मिळालंय."

रामजी बसला. मधाची बाटली मांडीवर. तीन तास तो हलला नाही. माशी नाकावर बसली, तिलाही त्याने काही केलं नाही. शुभदाची पेन्सिल घसरे, पुन्हा वर येई. पहिला कागद तिने फाडला. दुसरा फाडला. तिसऱ्यावर नाक वाकडं आलं, जबडा डगमगला, पण डोळे आले. झोप नसलेल्या माणसाचे डोळे. ते रामजीचेच होते, दुसऱ्या कुणाचे असणं शक्य नव्हतं. ती आधीची शुभदा असती तर तिला एवढे खरे डोळे आले असते का, मी सांगू शकत नाही. हे माझ्या मापातलं नाही.

तिने कागद त्याच्याकडे फिरवला. रामजी वाकून बघू लागला. मग सुताराच्या सवयीने, काही मनात नसताना, "केवढा काढलंस गो?" म्हणत त्याने टेबलावरच्या माझ्याकडे हात नेला.

शुभदाचा उजवा हात उडून तिच्या पदराखाली गेला.

तिलाही ते नंतर कळलं. रामजीनं मात्र पाहिलं. त्याने हात मागे घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. बाटली घरंगळत खाली गेली. ती फुटली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की विनवणी करतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. मी पोलादाची आहे. प्रेस, शाळा, पूर, सगळ्यांतून निघाले, सातवर थोडा गंज आला एवढंच. मला मोडायला फार कष्ट पडतील. ते घेऊ नका. मला हवं तर खणात ठेवा, दार उघडं राहावं म्हणून फटीत घाला. पण जे हात काही करतात, रंगवतात, ढोलकी वाजवतात, लाकूड तासतात, त्यांच्याजवळ मला उभी धरू नका. आणि कुणाचं तोंड लहान, कुणाचं मोठं हे ठरवायला मला बोलावू नका. मी खरं तेच सांगेन, आणि त्याचा काही उपयोग होणार नाही.

शुभदानं पदराखालून हात बाहेर काढला. बोटं एकदा मिटली, उघडली. डाव्या हाताने मला उचलून तिने खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्या पाठीमागे ठेवलं, जिथून मला फक्त तिची मान आणि रामजीचं तोंड दिसत होतं.

"उठू नका," ती म्हणाली, "कान राहिलाय."